आधी वॉर्डाचे आकडे द्या, मग नेट झिरोची भाषा करा

मुंबईतला प्रत्येक माणूस वर्षाला सरासरी १.८ टन हरितगृह वायू हवेत सोडतो, असं महापालिकेचा हवामान कृती आराखडा सांगतो. मी लालबागला राहतो आणि स्पष्ट सांगतो, हा आकडा आमचा नाही. तो मलबार हिलचाही नाही. तो कुणाचाच नाही. चाळीतल्या एका खोलीत पाच माणसं, एक पंखा आणि एक फ्रिज असलेलं घर, आणि त्याच चाळीच्या गॅलरीतून दिसणाऱ्या टॉवरमधलं, प्रत्येक खोलीत एसी असलेलं घर, या दोघांना एकाच भागाकारात कोंबलं की हा १.८ बाहेर पडतो. या शहराने २०५० सालापर्यंतचं नेट झिरोचं वचन याच आकड्याच्या पायावर उभं केलं आहे. ते वचन पुढे सरकतंय की जागच्या जागी आहे, हे गिरगावच्या, परळच्या माणसाला कसं कळणार, याची सोय मात्र केलेली नाही.

आधी जे आहे ते सांगतो. १३ मार्च २०२२ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी हा आराखडा जाहीर केला. आधारवर्ष २०१९. त्या वर्षीचं शहराचं उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन. त्यातलं सत्तर टक्क्यांहून जास्त विजेचं आणि इंधनाचं, साधारण वीस टक्के वाहतुकीचं, उरलेलं कचऱ्याचं. उद्दिष्टं अशी: २०३० पर्यंत ३० टक्के घट, २०४० पर्यंत ४४ टक्के आणि २०५० ला नेट झिरो, म्हणजे जेवढं हवेत सोडायचं तेवढंच शोषून घ्यायचं, आणि तेही देशाच्या २०७० च्या मुदतीआधी वीस वर्षं. ज्यांनी हा हिशेब मांडला त्यांचं काम मोठं आहे. एवढी तरी मांडणी देशातल्या फार थोड्या शहरांकडे आहे. पण ३० टक्के घट म्हणजे वर्षाला ७० लाख टन. ते कुठल्या वॉर्डातून, कुठल्या घरांतून, कुठल्या गाड्यांतून कमी होणार? या प्रश्नाला उत्तर नसेल, तर उद्दिष्ट हे फलकावर रंगवण्यापुरतंच राहतं.

विजेचंच घ्या, कारण सगळ्यात मोठा वाटा तिचा. देशाच्या ग्रिडमधून येणाऱ्या दर युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. केंद्रीय वीज प्राधिकरण हा आकडा दरवर्षी प्रसिद्ध करतं. आता महिन्याला १०० युनिट जाळणारं पाच माणसांचं घर धरा. वर्षाचे झाले ८४० किलो, माणशी १७० किलोसुद्धा नाहीत. महिन्याला २,००० युनिट जाळणारं चार माणसांचं घर धरा. वर्षाचे झाले १६.८ टन, माणशी ४.२ टन. ही फक्त वीज. गाडी, विमान, फर्निचर यातलं काहीही अजून धरलेलं नाही. पहिल्या घरातला माणूस विजेपायी शहराच्या सरासरीच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली आणि दुसऱ्या घरातला दुपटीच्याही वर. आणि शहर दोघांनाही सांगतं, दिवे बंद करा, पृथ्वी वाचवा. ज्याच्या घरात बंद करायला एकच दिवा आहे त्याला हा उपदेश करणं मला असभ्य वाटतं.

हे आकडे मिळत नाहीत असं कुणी सांगू नये. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत घरोघरी वीज पोचवते बेस्ट आणि बेस्ट १९४७ पासून महापालिकेच्या मालकीची आहे. प्रत्येक मीटरचं रीडिंग दर महिन्याला तिच्याकडे येतं. बिल युनिटच्या स्लॅबप्रमाणे फाडलं जातं. वीज नियामक आयोगापुढे दरवाढीची याचिका न्यायची वेळ आली की कुठल्या स्लॅबमध्ये किती ग्राहक आणि किती युनिट विकली गेली, हे सगळं छापून हजर होतं. पैसे वसूल करायचे तेव्हा हिशेब दशांश चिन्हापर्यंत चोख. मग हवामानाचा हिशेब सांगायचा तेव्हा डी वॉर्ड आणि एफ दक्षिण वॉर्ड एकाच बेरजेत का बुडवले जातात? मलबार हिल, ताडदेव आणि गिरगाव डी वॉर्डात. लालबाग-परळ एफ दक्षिणमध्ये. वरळी-लोअर परळ जी दक्षिणमध्ये. या तीन वॉर्डांचे स्लॅबनिहाय युनिट दर तिमाहीला पालिकेच्या दारावर लावा. त्याला नवा कायदा लागत नाही, परदेशी सल्लागार लागत नाही. लागते ती इच्छा. आणि ती नाही, कारण असा तक्ता लागला की सरासरीच्या आड उभी असलेली माणसं उघड्यावर येतील.

ग्रीनपीसने २००७ साली एक अहवाल काढला होता, श्रीमंत भारत गरिबांच्या आड कसा लपतो यावर. महिना तीस हजारांवर कमावणारा वर्ग तीन हजारांखाली कमावणाऱ्यांच्या साडेचार पट उत्सर्जन करतो, असं त्यात दाखवलं होतं. जागतिक परिषदांमध्ये भारत म्हणतो की आमचं दरडोई उत्सर्जन कमी आहे, ऐतिहासिक जबाबदारी पश्चिमेची आहे. हे खरं आहे आणि मी ते शंभर वेळा म्हणेन. पण जो न्याय ग्लासगोच्या हवामान परिषदेत मागायचा तोच पेडर रोड आणि काळाचौकी यांच्यात नाकारायचा, हा दुटप्पीपणा आहे. त्या अहवालानंतरच्या वर्षांत या प्रश्नाचं सरकारी, नियमित, वॉर्डापर्यंत पोचणारं उत्तर शहराने स्वतःहून तयार करायला हवं होतं.

आता भागाकाराच्या खालच्या संख्येकडे या. दरडोई काढायचं तर डोकी मोजावी लागतात. देशाची शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता ती २०२७ वर गेली. म्हणजे २०१९ चं दरडोई उत्सर्जन हे आठ वर्षं जुन्या मोजणीवरून बांधलेल्या अंदाजाने भागलेलं आहे. मधल्या काळात या शहराचा पोतच बदलला. बेटावरच्या मुंबईची लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लाख ३८ हजार होती, २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजारांवर उतरली. आमच्या गल्ल्यांतली माणसं डोंबिवली, विरार, बदलापूरला गेली. ती रोज सकाळी परळच्या काचेच्या इमारतीत कामाला येतात आणि रात्री परत जातात. त्यांच्या घरची वीज आता दुसऱ्या शहराच्या वहीत लागते आणि ज्या इमारतीत ती दिवसभर राबतात तिची वीज आमच्या. अशा शहराचं दरडोई काढताना डोकी कुणाची धरायची, हा प्रश्न जनगणनेशिवाय सुटूच शकत नाही.

देशाचा हिशेबही उशिरा येतो आणि अर्धवट वाचला जातो. भारताने डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांना चौथा द्वैवार्षिक अहवाल दिला. त्यात आकडा होता २०२० चा: २९६ कोटी टन, जंगलांनी आणि इतर जमिनीने शोषलेलं वजा केल्यावर सुमारे २४४ कोटी. चार वर्षं जुना आकडा हातात देऊन धोरण आखता येत नाही. त्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. २०१९ च्या तुलनेत २०२० मध्ये निव्वळ उत्सर्जन ७.९३ टक्क्यांनी घटलं, हे सरकारने ठळकपणे सांगितलं. २०२० साली काय झालं होतं ते या शहराला कुणी शिकवायची गरज नाही. मार्च महिन्यात लोकल थांबल्या, कारखाने थांबले, दुकानांची शटर उतरली आणि हजारो माणसं सामान डोक्यावर घेऊन नाशिक महामार्गाने पायी गावाकडे निघाली. त्या वर्षाची घट प्रगतीच्या रकान्यात मांडणं म्हणजे माणसांच्या हालांना कामगिरी म्हणणं. सांख्यिकीचं पहिलं काम घट आणि सुधारणा यांत फरक करणं हे आहे. चाकं बंद पडल्यामुळे झालेली घट आणि चाकं स्वच्छ ऊर्जेवर फिरू लागल्यामुळे झालेली घट एकाच आकड्यात मिसळली, तर तो आकडा फसवतो.

या बाबतीत आमच्या गिरणगावाइतका कडवट अनुभव क्वचितच कुणाला असेल. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे एकेक चिमणी थंड पडत गेली. तेव्हा कुणी परळचं उत्सर्जन मोजलं असतं, तर आमचा भाग देशातला सगळ्यात मोठा हवामानवीर ठरला असता. पण कापड विणलं जातच होतं. ते भिवंडीच्या, इचलकरंजीच्या, सुरतेच्या यंत्रमागांवर गेलं. धूर संपला नाही, त्याचा पत्ता बदलला. आणि चिमण्यांच्या जागी जे उभं राहिलं ते काचेचं आहे, बारा महिने थंड करावं लागतं आणि ते सिमेंट-पोलादाचं आहे. शहरांसाठी जगभर वापरली जाणारी हिशेबाची जी पद्धत आहे, तिच्यात त्या सिमेंटच्या भट्टीचं उत्सर्जन बांधकाम करणाऱ्या शहराच्या नावावर चढत नाही. चंद्रपूरच्या किंवा राजस्थानच्या भट्टीत जळालेला कोळसा लोअर परळच्या पन्नास मजल्यांत मुरलेला असतो, पण वहीत तो तिकडचा. गिरगावात आज चाळीमागून चाळ पाडली जातेय. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या शंभर वर्षांच्या बीडीडी चाळींच्या जागी टॉवर येत आहेत. राहणाऱ्यांना मोठं घर मिळालंच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण पाडलेल्या आणि बांधलेल्या प्रत्येक चौरस फुटामागे किती कार्बन खर्ची पडला, हे शहराच्या हिशेबात यायलाच हवं.

व्याख्या बदलून माणसं कशी लुबाडली जातात तेही आम्ही पाहिलं आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे गिरण्यांची जमीन तीन वाट्यांत विभागायची होती: एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची असं ठरलं. जिथे शेड उभी होती ती जमीन हिशेबातूनच बाहेर गेली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही दुरुस्ती शहराच्या बाजूने वाचली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मालकांच्या बाजूने. मैदानं आणि घरं कागदावरच्या एका व्याख्येत बुडाली. म्हणून नेट झिरोच्या हिशेबात कोण कुठली व्याख्या लिहितोय, याकडे मी डोळ्यांत तेल घालून पाहतो. देशाच्या हिशेबात जंगल म्हणजे एक हेक्टरहून मोठी, दहा टक्क्यांहून जास्त झाडोऱ्याची कुठलीही जमीन, मग ती बाग असो वा लागवड. त्याच जंगलाच्या आणि इतर जमीनवापराच्या नावावर वर्षाला सुमारे ५२ कोटी टन वजा होतात. देशाचं २०३० चं उद्दिष्ट तर एकूण उत्सर्जनाचं नाहीच, ते जीडीपीच्या दर रुपयामागचं आहे. २००५ ते २०२० या काळात ही तीव्रता ३६ टक्क्यांनी उतरली, आणि २०१६ ते २०२० या काळात एकूण उत्सर्जन २८४ कोटी टनांवरून २९६ कोटींवर चढलं. दोन्ही खरं आहे. भाषणात मात्र पहिलंच येतं. हवेला जीडीपी कळत नाही, तिला फक्त टन कळतात.

कागदावरचा आकडा आणि हवेतला आकडा यांत किती अंतर असू शकतं, हे कचऱ्याने दाखवलं. २०२२ साली शास्त्रज्ञांनी उपग्रहांवरून मुंबई, दिल्ली, लाहोर आणि ब्युनोस आयर्स या शहरांचा मिथेन, म्हणजे कुजणाऱ्या कचऱ्यातूनही निघणारा वायू, मोजला. सर्रास वापरल्या जाणाऱ्या नोंदींपेक्षा तो १.४ ते २.६ पट निघाला. मुंबईसमोर देवनार आणि कांजूरमार्गच्या कचराभूमी आहेत. आमच्या दादर मार्केटातल्या भाजीची देठं, फुलगल्लीतले कोमेजलेले हार तिथेच जाऊन कुजतात. प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून न पाहिलेली नोंद विश्वासाला पात्र नाही.

वाहतुकीतही तेच. सागरी किनारा मार्गाने ७० टक्के वेळ आणि ३४ टक्के इंधन वाचेल, असं पालिकेने सांगितलं. एका गाडीचं वाचेलही. पण रस्ता मोकळा झाला म्हणून नव्या किती गाड्या बाहेर पडल्या? गिरगाव चौपाटीजवळच्या बोगद्यातून दुचाकीला जायची परवानगी नाही. हजारो कोटी चारचाकीसाठी ओतले आणि मे २०२५ मध्ये बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं पाचावरून दहा रुपये केलं. या दोन निर्णयांची उत्सर्जनातली बेरीज-वजाबाकी शहरासमोर ठेवा. तशीच गोष्ट हवामान अर्थसंकल्पाची. २०२४-२५ साठी पालिकेने १०,२२४ कोटी रुपये, म्हणजे भांडवली खर्चाचे ३२ टक्के, हवामानाशी निगडित म्हणून दाखवले. त्यात पूर आणि पाणी यांची कामंही आहेत, ती गरजेचीच आहेत. पण खर्च झालेला रुपया म्हणजे कमी झालेला टन नव्हे. प्रत्येक कामासमोर किती टन घटले हा रकाना हवा आणि तो भरलेला हवा.

मी काही अशक्य मागत नाही, हे या शहराचा इतिहासच सांगतो. १८९६ साली मांडवीत डॉ. व्हिएगास यांना प्लेगचे पहिले रुग्ण सापडले. त्यानंतर कुठल्या विभागात किती माणसं दगावली याचे तक्ते पालिका आठवड्या-आठवड्याला काढत असे, कारकुनाच्या हाताने, शाईच्या टाकाने. १९२१-२२ मध्ये सरकारी लेबर ऑफिसचे लोक जवळपास अडीच हजार कामगार कुटुंबांच्या खोल्यांत गेले आणि तांदूळ किती, रॉकेल किती, भाडं किती, हे घरटी लिहून आणलं. १९२३ साली त्याचा अहवाल छापला. आज हातात स्मार्ट मीटर आहेत, संगणक आहेत, आणि परळच्या घरात किती ऊर्जा खर्च होते हे परळला माहीत नाही. याच शहरात एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या दादाभाई नौरोजींनी सरकारच्याच आकड्यांतून हिंदी माणसाचं वार्षिक उत्पन्न वीस रुपये काढलं. ते तुरुंगातल्या कैद्याच्या खर्चाशी ताडून पाहिलं आणि साम्राज्याला जाब विचारला. आकडा सत्तेच्या कपाटात असतो तोवर तो तिचा. रस्त्यावर आला की तो आपला होतो.

परदेशात हे होतं का? ब्रिटनमध्ये प्रत्येक स्थानिक कौन्सिलच्या हद्दीतल्या उत्सर्जनाचे सरकारी आकडे दरवर्षी निघतात, २००५ पासूनची मालिका उपलब्ध आहे. २००८ च्या हवामान कायद्याने नेमलेली स्वतंत्र समिती सरकार मार्गावर आहे की नाही हे दरवर्षी संसदेला सांगते. त्यांच्या हिशेबालाही खोट आहे. आयात केलेल्या मालाचं उत्सर्जन त्यांच्या मुख्य उद्दिष्टात येत नाही. पण तेही ते वेगळं मोजतात आणि छापतात, म्हणून टीका करता येते. आपल्याकडे तर आकडा अडचणीचा निघाला की तो दाबण्याची सवय लागली. २०१७-१८ चं घरगुती उपभोग खर्चाचं सर्वेक्षण केंद्राने प्रसिद्धच केलं नाही. कोण किती गॅस, किती वीज, किती पेट्रोल वापरतो हे ज्यातून कळतं तेच हे सर्वेक्षण. जे सरकार ताटातला खर्च लपवतं ते धुराड्यातला धूर खरा सांगेल, यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही.

खासगीपणाचा मुद्दा पुढे केला जाईल. मला कुणाच्या घरचं बिल नको आहे, वॉर्डाची बेरीज हवी आहे. मनुष्यबळ नाही म्हणाल, तर एका वर्षात दहा हजार कोटी हवामानाच्या नावाने दाखवणाऱ्या पालिकेने हे कारण देऊ नये. बदनामी होईल म्हणाल, तर ज्यांची व्हायला हवी त्यांची होऊ द्या.

म्हणून मागण्या सरळ आहेत. बेस्टने वॉर्डनिहाय, स्लॅबनिहाय वीजवापर दर तिमाहीला मराठीत जाहीर करावा. शहराचं उत्सर्जन दरवर्षी मोजावं आणि पुढचं वर्ष संपायच्या आत छापावं. बांधकामातलं सिमेंट-पोलाद वेगळ्या रकान्यात दाखवावं. कचऱ्याचा मिथेन उपग्रहांशी ताडून पाहावा. आणि हे सगळं तपासण्याचं काम पालिकेबाहेरच्या, सरकारला न बांधलेल्या सांख्यिकीतज्ज्ञांकडे द्यावं. २०३० ला फार वेळ उरलेला नाही. पालिकेच्या निवडणुकीत मत मागायला आमच्या चाळीत जो कुणी येईल, त्याने एफ दक्षिणचा आकडा हातात घेऊन यावं. तो आणला नाही, तर नेट झिरो हा शब्द त्याने आमच्यासमोर तोंडातून काढू नये.